तिसरा रकाना

जिपारच्या वहीत तीन रकाने आहेत.
जमा, खर्च,
आणि तिसऱ्याच्या डोक्यावर तिनं नुसतं लिहिलंय : गवत.

सोंग-कोलच्या काठावर झाड नाही. एकही नाही.
तीन हजार मीटरवर वारा आडवा येतो
आणि आडवाच निघून जातो.
त्याच्या वाटेत चार युर्त, सोळा अंथरुणं, एक तिरळी घोडी.
सोळाच.
सतराव्याला ती फोनवर सांगते, पुढच्या उन्हाळ्यात या,
आणि फोन ठेवून स्वतःलाच शिवी हासडते,
कारण धाकट्याच्या दातांचे पैसे अजून द्यायचेत.

पंधरा दिवस झाले की घर उचलायचं.
नमदे सोडायचे, लाकडी जाळ्या मिटायच्या,
छताचं गोल चाक दोघींनी खांद्यावर घ्यायचं
आणि दोनशे पावलं सरकून संसार पुन्हा मांडायचा.
मागं उरतं एक पिवळं वर्तुळ,
गरम तवा टेकवून उचलल्यासारखं.

रोज सकाळी ती तिथं जाऊन गुडघ्यावर बसते,
मातीत बोट खुपसते.
अकरावा दिवस : पिवळं.
एकोणिसावा : पिवळंच, कडेला दोन हिरवे धागे.
तिसरा रकाना असा भरत जातो.

सासू हसते. बुरमा-आपा.
"जन्मभर हेच केलं आम्ही, मेंढरांमागं.
तू त्याला धंदा म्हणतेस, वर कर्ज मागतेस."
"मेंढरं पैसे मोजून देत नव्हती, आपा."
"शहाणी," म्हातारी म्हणते, आणि चुलीत शेणी सारते.

नवं म्हणाल तर एवढंच :
भंगारातल्या जीपचा आस आणून
जिपारनं त्यावर संडास बसवला.
घोडी तो ओढून नेते घरांच्या मागोमाग,
तिरळ्या डोळ्यानं आभाळ बघत.
पाहुणे आधी हसतात, मग फोटो काढतात,
मग मुकाट्यानं राख टाकायला शिकतात.

पलीकडच्या काठावर दिराचा तळ.
इल्गिजनं सिमेंट ओतलंय, जनरेटर लावलाय,
चाळीस खाटा, सहा फटफट्या चारचाकी.
ऑगस्टात त्याच्या अंगणात नुसता चिखल असतो,
रात्री त्याच्या दिव्यांनी निम्मे तारे पुसले जातात.
पण धाकट्याच्या दातांचे पैसे शेवटी त्यानंच दिले.
हेही वहीत आहे. जमेच्या बाजूला. त्याच्या नावासकट.

बँकेच्या अर्जात प्रश्न होता :
कायमस्वरूपी बांधकामाचा तपशील.
तिनं लिहिलं : नाही. मुद्दाम.

म्हणून जूनमध्ये नारिनहून माणूस आला पाहणीला.
नवे बूट, बगलेत फाईल, दमानं लाल झालेले कान.
"गेल्या वर्षीचा तळ दाखवा."
ती चालली. तो चालला. गवत घोट्यापर्यंत,
त्यात कुठंकुठं पांढरी फुलं, नाव नसलेली.
"कुठं होतं घर?"
"तुम्ही उभे आहात तिथं."
तो चटकन बाजूला झाला, कुणाच्या पायावर पाय पडल्यासारखा.
"तिथंही होतं," ती म्हणाली.

त्यानं कुमीस प्यायला, तोंड वाकडं केलं, आणखी मागितला.
मग मांडीवर फाईल ठेवून लिहिलं :
*प्रत्यक्ष पाहणीत जागेवर काहीही आढळले नाही.*
सही. शिक्का. तारीख.

कर्जाचं विचारू नका,
ते अजून टेबलाटेबलावरून फिरतंय.
पण त्या कागदाची प्रत तिनं हट्टानं मागून घेतली
आणि दाराजवळच्या जाळीला दोऱ्यानं बांधली,
जिथं इतर लोक देवाचं, नेत्याचं किंवा लग्नाचं काहीतरी लावतात.
पाहुणे विचारतात, काय लिहिलंय?
ती वाचून दाखवते, शिक्क्यासकट.
कुणाला कळतं. कुणाला वाटतं, बिचारीची तक्रार झालीय.

काल वाऱ्यानं कागदाचा कोपरा फाडला.
जिपारनं तो पिठाच्या खळीनं चिकटवला,
बोटं पदराला न पुसता तशीच,
खळ लागलेली,
बाहेर गेली वर्तुळ बघायला.